मक्याच्या बुरकुंडातून झायलिटॉल: छोट्या प्रयोगशाळेतली सविस्तर कृती

सिंहगडावर भाजलेलं कणीस खाऊन झालं की हातात उरलेलं बुरकुंड आपण दरीत भिरकावतो. ते घरी आणून वाळवलं आणि तपासलं, तर कोरड्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा हेमिसेल्युलोज (वनस्पतीच्या पेशीभिंतीतल्या साखरांच्या साखळ्या) निघतं. त्यातलं बहुतेक झायलन असतं, म्हणजे झायलोज या पाच कार्बनी साखरेची लांब माळ. माळ तोडून सुटी झालेली साखर योग्य यीस्टला खाऊ घातली, की ते तिचं झायलिटॉल करून बाहेर टाकतं. शुगर-फ्री च्युइंगगम चघळताना जिभेला जो गारवा जाणवतो, तो याच पदार्थाचा. गोडी साखरेइतकी, उष्मांक मात्र ग्रॅममागे चारऐवजी सुमारे २.४.

ज्यांच्या हाताशी ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र), शेकर (फ्लास्क सतत फिरवत ठेवणारं यंत्र) आणि पीएच मीटर आहे, अशा मायक्रोबायॉलॉजीच्या विद्यार्थ्यांना, किंवा एखाद्या शेतकरी कंपनीसाठी ‘यातून काही निघेल का’ हे तपासणाऱ्यांना ही कृती उपयोगी पडेल. स्वयंपाकघरात हे करायचं नाही. कारणं पुढे येतीलच. आणि एक गोष्ट आधीच सांगतो: या सगळ्या कामात प्रत्यक्ष आंबवण्याचे दिवस तीन, आणि तेच सगळ्यात सोपे. प्रयोग फसतो तो यीस्ट घालायच्या आधीच.

कच्चा माल: चिपाड की बुरकुंड?

पुण्यात राहून पहिला विचार उसाचा येतो, आणि तो चुकीचा नाही. बगॅसमध्येही (कारखान्यात ऊस पिळून उरलेल्या चिपाडातही) पाव हिस्सा किंवा थोडं जास्त हेमिसेल्युलोज असतं. पण साखर कारखान्यासाठी बगॅस हा कचरा नव्हेच. तो बॉयलरमध्ये जातो, त्यावर वाफ आणि वीज निघते, उरलेली वीज विकली जाते. त्यामुळे ‘फुकटचा बगॅस’ गृहीत धरून मांडलेलं गणित कारखान्याच्या फाटकापाशीच कोसळतं. रसवंतीवरचं चिपाड मिळतं, पण त्यात रस राहिलेला असतो. ते घेतलंच तर बारीक कापून गरम पाण्यात दोनतीनदा धुवा. नाहीतर मागे राहिलेल्या साखरेतून ग्लुकोज तयार होतं आणि यीस्ट आधी त्याच्यावर ताव मारतं, झायलोजकडे ढुंकून पाहत नाही.

माझी पसंती बुरकुंडाला. खेड, जुन्नर, बारामती भागात मळणीनंतर त्याचे ढीग पडतात आणि बहुतेक चुलीत जातात. झायलन जास्त, साखरेचा चिकटपणा नाही, दळायला बरं. फक्त पावसात भिजलेला ढीग घेऊ नका. आतून काळी बुरशी धरलेली असेल, तर तिने झायलन तुमच्या आधीच खाल्लेलं असतं.

आणलेलं बुरकुंड फोडा, ६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, मग दळून १ ते ३ मिलिमीटरचा रवा करा. पिठासारखं बारीक केलं तर पुढे गाळताना रडवतं.

आम्लात शिजवणे

हिशोब सोपा राहावा म्हणून १०० ग्रॅम कोरडा रवा धरू. एक लिटरच्या दोन बोरोसिलिकेट बाटल्या घ्या आणि प्रत्येकीत ५० ग्रॅम रवा व १ टक्का सल्फ्युरिक आम्लाचं ५०० मिली द्रावण घाला. अर्ध्या लिटरला तीव्र आम्ल साधारण २.८ मिली लागतं. आधी पाणी, मग त्यात हळूहळू आम्ल. उलट कधीच नाही. हातात मोजे, डोळ्यांवर गॉगल.

तासभर भिजू द्या. झाकण सैल ठेवून ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर ४५ मिनिटं ठेवा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे ‘१५ पौंड’ दाब दाखवणाऱ्या जुन्या ऑटोक्लेव्हमध्ये प्रत्यक्ष तापमान अंशभर कमीच असतं. फरक छोटा आहे, पण वेगवेगळ्या प्रयोगांची तुलना करायची तर काट्यापेक्षा थर्मामीटरवर विश्वास ठेवलेला बरा.

‘घरचा प्रेशर कुकर चालेल का?’ हा प्रश्न दर वर्षी येतो. नाही चालणार. गरम सल्फ्युरिक आम्ल अॅल्युमिनियम खातं आणि हायड्रोजन सोडतं, स्टीललाही सोडत नाही. आणि त्या कुकरमध्ये नंतर कुणीतरी वरण लावणार असतं.

वेळ वाढवायचा मोह टाळा. ४५ मिनिटांत जी साखर सुटली, तीच पुढे शिजत राहिली की तिचं फरफ्युरल होतं. बाटली उघडल्यावर कडवट बदामासारखा उग्र वास आला तर समजा, साखर जळायला लागली होती. चांगल्या उकळ्याचा (म्हणजे शिजवून निघालेल्या साखरेच्या द्रावणाचा) रंग कडक चहासारखा असतो, काकवीसारखा काळा नव्हे.

थंड झाल्यावर मलमलच्या कापडातून पिळून घ्या, चोथा थोड्या पाण्याने धुऊन तेही पाणी त्यात मिसळा, मग फिल्टर पेपरमधून गाळा. १०० ग्रॅम रव्यात झायलन ३० ग्रॅम धरलं, तर त्यातून जास्तीत जास्त ३४ ग्रॅम झायलोज निघू शकतं, कारण साखळी तुटताना प्रत्येक कडीत पाण्याचा एक रेणू मिळतो. हाती २५ ग्रॅमच्या आसपास आलं तर उत्तम झालं.

मळी काढणे: इथेच सगळं ठरतं

दौंड-केडगावकडचं गुऱ्हाळ पाहिलं असेल, तर पुढचा भाग ओळखीचा वाटेल. उसाचा रस उकळला की गुळव्या लगेच गूळ पाडत नाही. भेंडीचं पाणी टाकतो, चुना घालतो, वर आलेली मळी काढत राहतो. मळी राहिली तर गूळ काळा पडतो. आपल्या उकळ्यातही मळी आहे, फक्त ती दिसत नाही: फरफ्युरल, लिग्निनमधून (बुरकुंडाला कडकपणा देणाऱ्या पदार्थातून) सुटलेली फिनॉलं आणि लिटरला ३-४ ग्रॅम अॅसिटिक आम्ल. यातलं प्रत्येक यीस्टला विषच.

माझ्या पहिल्या प्रयोगात मी फक्त पीएच ५.५ केला आणि यीस्ट घातलं. तीन दिवस शेकर फिरत राहिला, पाणी होतं तसंच. मला वाटलं यीस्ट मेलेलं आलं. मी नवीन स्लँट (यीस्ट वाढवलेली नळी) मागवला, पुन्हा तेच. दोष यीस्टचा नव्हताच, मी त्याला धुतलेलं ताट दिलं नव्हतं.

क्रम असा ठेवा. चुन्याचं दूध (पाण्यात कालवलेलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड) ढवळत ढवळत घाला आणि पीएच १० पर्यंत न्या. द्रावण गरम होऊ देऊ नका आणि १० च्या वर जाऊ नका, नाहीतर साखरच नासते. चुना ताजा हवा. डबा उघडा राहिलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन ‘मरतो’, त्याचा खडू होतो. कितीही घातला तरी पीएच ७-८ च्या पुढे सरकत नाही आणि आपण मीटरला शिव्या घालत बसतो.

अर्धा तास ठेवा. खाली पांढरा-पिवळट गाळ बसतो, तो जिप्सम (कॅल्शियम सल्फेट). गाळून टाका. मग फॉस्फोरिक आम्लाने पीएच ६ वर आणा. सल्फ्युरिकही चालतं, पण फॉस्फोरिकने उरलेलं कॅल्शियम खाली बसतं आणि यीस्टला फॉस्फरसही मिळतो.

पीएच ६ का, ५ का नाही? अॅसिटिक आम्ल यीस्टला मारतं ते न विघटलेल्या रूपात, कारण त्याच रूपात ते पेशीच्या आत शिरतं. पीएच ५.५ ला त्याचा सुमारे १५ टक्के भाग त्या रूपात असतो, ६ ला पाचेक टक्के. अर्ध्या अंकाच्या फरकाने विष तिसऱ्या हिश्श्यावर येतं. बहुतेक लेखांत ५.५ दिसेल. बुरकुंडासाठी मी ६ च ठेवतो.

आता निर्वात बाष्पीभवन. रोटरी इव्हॅपोरेटरवर ६०-७० अंशांना सगळं द्रावण ३०० मिलीपर्यंत आटवा. बरंचसं फरफ्युरल वाफेबरोबर निघून जातं. साखर लिटरला ८० ग्रॅमच्या आसपास पोहोचते. पण या पीएचला अॅसिटिक आम्ल उडत नाही, तेही तिप्पट होतं, म्हणून वरचा ६ चा आग्रह. आटताना पुन्हा थोडं जिप्सम दिसेल. परत गाळा. उघड्या पातेल्यात आटवू नका, तो गूळ होईल.

शेवटी सक्रिय कोळसा: १०० मिलीला २ ग्रॅम, ५०-६० अंशांवर ढवळत तासभर, मग गाळणी. फिनॉलं आणि रंग दोन्ही तो ओढून घेतो. द्रावण फिकट, पातळ चहासारखं दिसलं की यीस्टचं ताट तयार. कोळसा वाढवला तर रंग अजून उतरतो, पण थोडी साखरही बरोबर जाते.

यीस्ट निवडणे

बेकरीचं यीस्ट चालत नाही. पावाचं आणि दारूचं सॅकॅरोमायसीज झायलोजवर उपाशी बसतं, त्याच्याकडे ती साखर पचवायची नैसर्गिक सोयच नाही. आपल्याला लागतात ती वेगळी. कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस सगळ्यात चपळ, उत्पन्नही चांगलं, पण ते माणसात संधिसाधू संसर्ग करू शकतं. जैवसुरक्षेची शिस्त असलेल्या प्रयोगशाळेतच ते हाताळा. मेयेरोझायमा गिलिएर्मोंडी (जुन्या लेखांत कॅन्डिडा गिलिएर्मोंडी) यावर बरंच काम झालंय. डेबॅरिओमायसीज हॅन्सेनी चीजमध्ये सापडणारं, सौम्य आणि सावकाश चालणारं. नवशिक्या गटाला मी हेच सुचवेन, एक दिवस जास्त लागला तरी.

पुण्याची एक सोय आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे आपल्या एनसीएलमध्ये, औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथून शुल्क भरून ओळख पटवलेले वाण मिळतात. ‘मित्राच्या लॅबमधून आणलेलं यीस्ट’ या वाटेला जाऊ नका. तिसऱ्या हाताने आलेल्या स्लँटवर नक्की काय वाढतंय याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

विरजण तयार करताना लिटरला १० ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, २० ग्रॅम पेप्टोन आणि २० ग्रॅम झायलोज घ्या. इथे ग्लुकोज न वापरता झायलोजच द्या, म्हणजे लागणारी एन्झाइमं आधीच तयार राहतात. ३० अंशांवर २४ तास. मग त्याला उकळ्याची सवय लावा: पहिल्या दिवशी माध्यमात एक चतुर्थांश उकळा, दुसऱ्या दिवशी निम्मा, मग पाऊण, मग पूर्ण. चार दिवस जातात. हे टाळून थेट पूर्ण उकळ्यात घातलं तर कधी कधी चालतंही, पण मग सुरुवातीचे वीसेक तास यीस्ट नुसतं रुसून बसतं.

आंबवणे: हवा किती द्यायची

५०० मिलीच्या शंकू-फ्लास्कमध्ये २०० मिली उकळा घ्या. जंतू मारायला ११० अंशांवर १०-१५ मिनिटं पुरे, जास्त तापवलं तर साखर करपते. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट लिटरला ५ ग्रॅम आणि अमोनियम सल्फेट २ ग्रॅम वेगळं निर्जंतुक करून घाला. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट महाग पडत असेल तर तांदळाच्या कोंड्याचा अर्क वापरता येतो. मावळातल्या भातगिरण्यांतून कोंडा सहज मिळतो. १० टक्के विरजण घाला, ३० अंशांवर शेकरवर ठेवा, आणि थांबा.

आता आत काय चाललंय ते समजून घ्या, कारण इथून पुढे आकडे कमी आणि अंदाज जास्त. यीस्ट झायलोजचं आधी झायलिटॉल करतं. मग दुसरं एन्झाइम झायलिटॉलचं झायलुलोज करतं आणि ते पेशीच्या पोटात जातं. या दुसऱ्या पायरीला एनएडी नावाचा सहाय्यक रेणू लागतो, आणि तो वापरला गेल्यावर पुन्हा ताजा करायला प्राणवायू लागतो. प्राणवायू तोकडा ठेवला की एनएडी कमी पडतो, दुसरी पायरी अडते आणि झायलिटॉल साचून बाहेर येतं. थोडक्यात, यीस्टला अर्धपोटी ठेवायचं. हवा भरपूर मिळाली तर ते साखर खाऊन नुसतं वाढतं: फ्लास्क दुधासारखा गढूळ, साखर संपलेली, झायलिटॉल नावालाच. हवा अगदीच बंद केली तर सगळं ठप्प होतं.

फ्लास्कमध्ये ही हवा तीन गोष्टींनी सांभाळता येते: फ्लास्क किती भरला, शेकर किती फिरतो, बुचाला कापूस किती घट्ट. पहिले १२ तास मिनिटाला २०० फेरे देऊन पेशी वाढू द्या, मग १२०-१५० वर आणा. तुमच्या शेकरसाठी नेमका आकडा तुम्हालाच शोधावा लागेल, म्हणून पहिल्या फेरीत तीन वेगवेगळे वेग लावा.

सैद्धांतिक मर्यादा ग्रॅम झायलोजला सुमारे ०.९ ग्रॅम झायलिटॉल. उकळ्यावर ०.६ ते ०.७ मिळालं तर गुरुजींना दाखवायला हरकत नाही.

मोजमाप, आणि एक सापळा

दर १२ तासांनी नमुना काढा. रिफ्रॅक्टोमीटरवर भरवसा ठेवू नका. साखर कमी होतेय की नाही हे ब्रिक्सवर (विरघळलेल्या घन पदार्थाच्या टक्केवारीवर) कळत नाही, कारण झायलिटॉलही ब्रिक्समध्येच धरलं जातं. आकडा जवळजवळ स्थिर राहतो आणि वाटतं काहीच घडत नाहीये. डीएनएस ही रंगावरून करायची चाचणी अपचायक साखर मोजते. झायलोज त्यात दिसतं, झायलिटॉल दिसत नाही. म्हणून डीएनएसचा आकडा घसरला की साखर गेली हे नक्की. ती झायलिटॉलमध्ये गेली, यीस्टच्या अंगात गेली की अल्कोहोलमध्ये, हे मात्र एचपीएलसीच (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) सांगते. निदान ०, २४, ४८ आणि ७२ तासांचे नमुने गाळून, गोठवून ठेवा आणि ज्या संस्थेत शुल्क घेऊन एचपीएलसी करून देतात तिथे एकत्र तपासून घ्या.

कधी थांबायचं? झायलोज लिटरला ५ ग्रॅमच्या खाली आलं की लगेच. सगळी साखर संपेपर्यंत वाट पाहिली तर यीस्ट आपणच बनवलेलं झायलिटॉल खायला सुरुवात करतं. दिवाळीच्या सुटीत फ्लास्क शेकरवर राहिला आणि परत आल्यावर हाती फक्त यीस्ट उरलं, हे आमच्याकडे झालेलं आहे. सुटी पाहून विरजण लावा.

खडे पाडणे

सेंट्रिफ्यूजने यीस्ट वेगळं करा, पुन्हा १-२ टक्के कोळसा द्या, मग आधी कॅटायन आणि नंतर अॅनायन रेझिनच्या (धन आणि ऋण आयन धरून ठेवणाऱ्या मण्यांच्या) नळीतून क्षार काढा. राहिलेले क्षार आणि रंग खडे पडू देत नाहीत. मग निर्वातात घट्ट पाकापर्यंत आटवा, ब्रिक्स ७५ च्या वर. बाजारातल्या शुद्ध झायलिटॉलची चिमूटभर भुकटी बीज म्हणून टाका आणि फ्रिजमध्ये सावकाश थंड होऊ द्या. खडीसाखर करताना जो धीर लागतो तोच इथे. भराभर थंड केलं तर चिकट लगदा होतो. दोन ते पाच दिवस लागू शकतात.

एका फेरीतल्या १६ ग्रॅमचा पाक जेमतेम २० मिली होतो आणि तेवढ्यात खडे नीट पडत नाहीत. चार-पाच फेऱ्यांचा पाक एकत्र करा. खडे शुद्ध अल्कोहोलने धुता येतात, पण त्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी तुमच्या संस्थेकडे आहे ना ते आधी पाहा. शुद्धता जोखायचा सोपा उपाय वितळबिंदूचा: ९२ ते ९६ अंश. त्याच्या बराच खाली वितळलं तर अजून भेसळ आहे.

चव घेऊ नका. गारवा जाणवतो का हे पाहायचा मोह होतोच, पण हा माल औद्योगिक आम्ल, रेझिन आणि यीस्टमधून आलेला आहे. खाद्य म्हणून विकायचं तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियम (झायलिटॉलचा क्रमांक आयएनएस ९६७), खाद्य दर्जाची रसायनं आणि स्वतंत्र जागा, हे सगळं आलं. बाजारातलं झायलिटॉलही जास्त खाल्लं तर पोट बिघडवतं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी रक्तातलं जास्त झायलिटॉल आणि हृदयविकार यांचा संबंध दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यावर चर्चा चालू आहे. आणि घरी कुत्रा असेल तर हा पदार्थ त्याच्या तोंडी लागणार नाही याची काळजी घ्या. कुत्र्याची रक्तशर्करा त्याने झपाट्याने कोसळते, यकृतही निकामी होऊ शकतं.

हिशोब

शंभर ग्रॅम बुरकुंड, २५ ग्रॅम झायलोज, ०.६५ च्या हिशोबाने १६ ग्रॅम झायलिटॉल, आणि खड्यांच्या रूपात त्यातलं निम्मं, ८ ग्रॅम. दुसरीकडे १० ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल मारायला साडेसात ग्रॅम चुना लागला आणि त्यातून साडेसतरा ग्रॅम जिप्सम तयार झालं. गोडापेक्षा दुप्पट राड. शिवाय पाऊण लिटर पाणी वाफ करून उडवलं, त्याची वीज वेगळीच.

जगातलं बहुतेक झायलिटॉल आजही यीस्टने बनत नाही, त्याचं कारण हेच गणित. कारखान्यांत शुद्ध झायलोजवर निकेल उत्प्रेरकासह दाबाखाली हायड्रोजन सोडतात. तिथे झायलोज शुद्ध लागतं. यीस्टला तितकं शुद्ध लागत नाही, आणि त्याचा फायदा तेवढाच आहे. म्हणून शेतकरी कंपनीने विचारलं तर मी पहिल्यांदा विचारतो: वाफ कुठून आणणार, आणि जिप्सम कुठे टाकणार? दोन्हींची उत्तरं असतील, तर पुढे बोलू.

जिप्समचा गाळ, वापरलेला कोळसा आणि रेझिनचं धुवण गटारात सोडू नका, ते शेवटी मुठेतच जातं. गाळ वाळवून वेगळा ठेवा, द्रवाचा पीएच ७ करूनच संस्थेच्या सांडपाणी व्यवस्थेकडे द्या, यीस्टच्या पेशी ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय टाकू नका. पिळलेल्या चोथ्यात सेल्युलोज आणि लिग्निन जवळपास सगळं शिल्लक आहे. आम्ल जाईपर्यंत धुऊन, वाळवून पोत्यात भरून ठेवा. त्यातल्या सेल्युलोजपासून ग्लुकोज काढून पाहायचं असेल, तर कच्चा माल तुमच्याकडे आधीच शिजलेला आहे.